रात्रपाळीची डेटा एंट्री: पहाटे तीननंतर बोटांवर विसंबू नका

ऐरोलीत अमेरिकेतले मेडिकल क्लेम, म्हणजे उपचारांच्या खर्चाचे विमा दावे, कॉम्प्युटरवर भरायच्या कामाला मला सहा वर्षं झाली. पाळी रात्री साडेनऊ ते सकाळी साडेसहा. नवीन मुली टायपिंगच्या स्पीडची धास्ती घेतात. स्पीड महिन्याभरात येतो. कसोटी लागते ती पहाटे तीन ते पाच. तेव्हा डोळे मिटू लागतात, बोटं मात्र चालूच राहतात.

उच्च रक्तदाबाचा कोड आहे इंग्रजी 'आय', मग एक, मग शून्य. अंधुक स्कॅनमध्ये तो सरळ ११० दिसतो. आयसीडी-१० म्हणजे आजारांच्या कोडची यादी; तिच्यातल्या कोडची सुरुवात नेहमी अक्षरानेच होते, हे मनात पक्कं करा. तारखेचं आणखी वाईट. अमेरिकेत महिना आधी लिहितात, ०४/०७ म्हणजे ७ एप्रिल. पहिल्याच वर्षी पहाटे चारला मी अख्खी बॅच, म्हणजे फॉर्मांचा गठ्ठाच, आपल्या सवयीने ४ जुलै समजून भरली. ०४/२५ असतं तर हात थांबला असता, पंचविसावा महिना कुठून आणणार? बारापर्यंतच्या तारखा गुपचूप आत जातात. बॅच क्यूसीतून, म्हणजे तपासणीतून, परत आली. अशा चुकीने तिकडे कुणा आजाऱ्याचं बिल अडकतं, म्हणून ती मला अजून टोचते.

तेव्हापासून हाताने लिहिलेले फॉर्म मी एकच्या आत उरकते, छापील पहाटेसाठी ठेवते. बॅच आपोआप येत असतील तर टीएलशी, म्हणजे टीम लीडरशी, बोलून बघा. तिकडच्या डॉक्टरांचा एनपीआय, म्हणजे ओळख क्रमांक, दहा आकडी असतो. तो तीन-तीन-चार असा तोडून, ओठांत पुटपुटत भरा.

जेवण घरूनच करून निघा, एक वाजता डब्यातलं हलकं काहीतरी. दोननंतर चहा नको, सकाळची झोप जाते. परतताना गॉगल लावा, खोलीला जाड पडदे, दारावरची बेल बंद. घरच्यांना एकदा नीट सांगा की सकाळी आठ ते दुपारी तीन ही तुमची रात्र आहे. मला हे आईला समजवायला वर्ष लागलं.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. आमची पाळीही त्याबरोबर सरकते. आठवडाभर आधीपासून झोप थोडी थोडी सरकवा.

आणि मुलींनो, महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊ ते सकाळी सात काम करायला तुमची संमती लागते, आणि घराच्या दारापर्यंत सोडायची सोय मालकाने करायची असते. ड्रायव्हर नाक्यावर उतरा म्हणाला तर उतरू नका.