'मस्त' म्हणायला बंदी आहे

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही सात-आठ जण एकमेकांचे निसर्गाचे फोटो बघून त्यांवर खरंखुरं बोलायला कोणाच्या तरी घरी जमतो. सगळे हौशी, कॅमेऱ्यावर पोट कोणाचंच नाही. टीव्हीला पेनड्राइव्ह लावायचा, प्रत्येकाने एकच फोटो दाखवायचा. पोहे नंतर, कारण पोटात पोहे गेले की सगळेच प्रेमळ होतात. तुमच्याकडे असं काही सुरू करायचं असेल, तर आम्ही ठेचकाळत जे शिकलो ते सांगते.

एकच फोटो, ही अट सोडू नका. दहा फोटो आणणारा निवडीचं काम दुसऱ्यांच्या गळ्यात मारत असतो. आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचा झाला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साध्या पद्धतीने पाठवलात तर फाइल दाबली जाते, धुक्याच्या हलक्या छटांचे पट्टे पडतात आणि चर्चा त्या पट्ट्यांवरच होते. कलर प्रोफाइल एसआरजीबी (बहुतेक स्क्रीनना कळणारी रंगांची पद्धत), लांब बाजू २०४८ पिक्सेल, एवढं पुरतं. रात्री एडिट करत असाल तर स्क्रीनचा नाइट मोड आधी बंद करा. मी एकदा तो चालू ठेवूनच भंडारदऱ्याची सकाळ 'सुधारली' होती. पिवळट स्क्रीनवर छान दिसणारं पाणी टीव्हीवर शाईसारखं निळं.

फोटो लागला की पहिलं मिनिटभर कोणी बोलायचं नाही. ज्याचा फोटो त्याने तर अजिबात नाही. "त्या दिवशी काय पाऊस होता" हे सांगितलंत की लोक फोटो बघायचं सोडून तुमची कीव करायला लागतात. पहाटे तीनला उठल्याचे मार्क नसतात.

मिनिट झालं की एकच प्रश्न: नजर आधी कुठे गेली? आमच्याकडे उठून टीव्हीवर बोट ठेवायचं असतं. (टीव्ही ज्यांचा, त्या काकू नंतर स्क्रीन पुसतात.) फोटो मस्त की वाईट हे मत झालं, त्यावर भांडण होतं, म्हणून 'मस्त' म्हणायलाही बंदी. नजर कुठे गेली ही माहिती आहे, तिच्यावर काय भांडणार?

राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून काढलेली संजीवनी माची मी दाखवली, तेव्हाची गोष्ट. सप्टेंबर, पुढे सोनकीच्या फुलांचा पिवळा गालिचा, मागे माचीची वळत गेलेली तटबंदी, तिच्यावरून सरकणारं धुकं. माझ्या मते माझा आजवरचा सर्वात चांगला फोटो. आठापैकी पाच बोटं डाव्या खालच्या कोपऱ्यात गेली. तिथे निळं प्लास्टिक होतं, नखाएवढं. तीन आठवडे मी तो फोटो रोज बघत होते, दिसलं नव्हतं.

मग दोष आणि आवड वेगळी करा. तलावाचं पाणी एका बाजूला वाहून चालल्यासारखं दिसत असेल तर तो दोष. आडवी रेघ सरळ करा, विषय संपला. धबधबा दुधासारखा हवा की थेंब न् थेंब सुटा, ही आवड. शटर अर्धा सेकंद उघडं ठेवून पाणी दुधाळ करणाऱ्याला "मला असं नाही आवडत" म्हणून त्याच्या हाती काही लागत नाही. रंग मात्र मधल्या हद्दीत येतात. आमची कसोटी सोपी आहे: सोनकीची एकेक पाकळी मोजता येते का? सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, वाढवलं की पिवळ्यातला लाल भाग कमाल मर्यादेला जाऊन आदळतो, पाकळ्या एकमेकींत मिसळतात आणि हळद सांडल्यासारखा डाग उरतो. कास पठारावरच्या 'सीतेची आसवं' या जांभळ्या फुलांचंही तेच होतं.

सूचना दोनच द्यायच्या: एक घरी बसून करता येण्यासारखी, एक पुढच्या वेळी जागेवर करण्यासारखी. जास्त दिल्या तर समोरचा एकही करत नाही. मीच करत नाही.

पक्ष्यांच्या फोटोंना आमचा एक जादा प्रश्न असतो. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) अख्खा थवा एकदम उडालेला दिसला की आम्ही विचारतो, "उडाले की उडवले?" होडी अंगावर घालून उडवले असतील तर फोटोवर पुढे बोलत नाही. घरट्यातल्या पिल्लांचे फोटो लावतच नाही, घुबडाची जागा ग्रुपवर टाकत नाही. काजव्यांच्या फोटोत मात्र "किती फ्रेम्स?" एवढंच. तीस-चाळीस फ्रेम्स, म्हणजे वेगवेगळे फोटो, एकावर एक रचल्या तरी आमची हरकत नाही. एका क्लिकमध्ये मिळालं असं सांगितलं की आहे.

आपल्यावर पाळी आली की वहीत लिहून घ्या, उत्तर देऊ नका. दोन दिवस जाऊ द्या, मग मूळ फाइल तशीच ठेवून वेगळ्या कॉपीवर हात चालवा.

मी घरी येऊन तो निळा ठिपका मोठा करून पाहिला. माझ्याच सॅकचं रेनकव्हर. फ्रेममध्ये नको म्हणून मीच ते बाजूला टाकलं होतं. क्रॉप केलं तर निम्मी सोनकी जात होती, म्हणून शेजारची फुलं क्लोन करून, म्हणजे त्यांची नक्कल उचलून, त्यावर बसवली आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तोच फोटो लावला. मिनिटभर शांतता. मग एक काका उठले, चष्मा वर केला आणि बरोबर त्याच कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "इथली फुलं जुळी आहेत का गं?"