वैद्यकीय संशोधनाच्या निधीसाठी सायकल मोहीम कशी आखावी

संशोधनासाठी निधी उभा करण्याकरिता लांब पल्ल्याची सायकल मोहीम करायची ठरली, की मन आधी सायकलीकडे आणि नकाशाकडे धावते. सुरुवात मात्र पैसा नेमका कोठे जाणार, या प्रश्नापासून करावी. एकच आजार आणि एकच संस्था निवडावी, तिची नोंदणी व ताळेबंद पाहावेत आणि आपला निधी संशोधनावरच खर्च होईल, असे तिच्याकडून लेखी घ्यावे. रुग्णांना मदत, जनजागृती आणि संशोधन ही तिन्ही कामे मोलाचीच आहेत. पण आपण ज्या कामाचे नाव सांगून पैसे मागितले, त्याच कामाला ते लागले पाहिजेत.

दुसरी पायरी हिशेबाची. प्रवेशशुल्क, सायकलची दुरुस्ती, मुक्काम आणि जेवण यांचा खर्च स्वतः करावा किंवा त्यासाठी वेगळा प्रायोजक शोधावा. १९८० मध्ये बिली स्टार यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये ३६ सायकलस्वारांसह ‘पॅन-मॅस चॅलेंज’ सुरू केले. आज तेथे सायकलस्वारांनी जमवलेली सगळी रक्कम डाना-फार्बर या कर्करोग संस्थेला जाते, कारण आयोजनाचा खर्च नोंदणीशुल्क आणि प्रायोजकांकडून भागवला जातो. ही शिस्त एकट्याने काढलेल्या मोहिमेतही पाळता येते. देणगी आपल्या खात्यात न घेता थेट संस्थेच्या खात्यात जमा होऊ द्यावी, म्हणजे पावतीही संस्थेकडूनच मिळते.

सरावाला किमान १२ आठवडे द्यावेत. हृदयविकार, मधुमेह किंवा सांध्यांचे दुखणे असल्यास त्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. साप्ताहिक अंतर साधारण १० टक्क्यांच्या बेताने वाढवावे, दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा हलका ठेवावा आणि मोहिमेपूर्वी एकदा तरी एका दिवसाच्या ठरलेल्या अंतराच्या तीन चतुर्थांश इतके अंतर सलग कापलेले असावे. सीटची उंची हा बारीकसा वाटणारा मुद्दा गुडघे वाचवतो: सीटवर बसून टाच पेडलवर ठेवावी आणि पेडल अगदी खाली आल्यावर पाय सरळ होतो का, ते पाहावे. मग पायाचा चवडा पेडलवर ठेवून सायकल चालवताना गुडघ्यात जो किंचित बाक राहतो, तो योग्य. लांबच्या फेरीत दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत, आणि कोणता पदार्थ आपल्याला पचतो हे सरावातच ठरवावे. पंक्चर काढण्याचा सराव घरी करावा. टायर रिमवरून उतरवताना पहिल्यांदा बोटे दुखतात, आणि ती रस्त्यावर पावसात दुखण्यापेक्षा घरी दुखलेली बरी.

माझ्या मते सर्वांत अवघड चढ पैसे मागण्याचा असतो. सगळ्यांना एकच संदेश पाठवला की तो आपल्यासाठी आहे असे कोणालाच वाटत नाही, म्हणून एकेका माणसाला नावाने लिहावे: आपण किती किलोमीटर जाणार, कोणत्या आजारावरील संशोधनासाठी जाणार, किती रक्कम अपेक्षित आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत. पहिली देणगी स्वतःची असावी. त्यानंतर अगदी जवळच्यांना विचारावे, कारण आधीच्या देणग्यांचे आकडे पाहून पुढचे लोक आपली रक्कम ठरवतात. घरातील कोणाच्या आजारपणामुळे आपण हे करत असाल, तर त्या व्यक्तीची परवानगी घेऊन तसे मोकळेपणाने सांगावे. मात्र ‘तुमच्या पैशातून औषध निघेल’ असे वचन कधीही देऊ नये. प्रयोगशाळेतील कल्पना रुग्णापर्यंत पोहोचायला अनेकदा दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. लहान निधीचे खरे मोल वेगळे आहे: त्यातून एखाद्या नव्या कल्पनेची प्राथमिक चाचणी होते आणि तिच्या निष्कर्षांच्या बळावर संशोधकाला मोठ्या अनुदानासाठी अर्ज करता येतो.

शेवटच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणावा आणि त्या दिवसांत ज्यांनी उत्तर दिलेले नाही त्यांना एकदा नम्र आठवण करावी. मोहीम संपल्यावरही काही दिवस देणगीची मुदत खुली ठेवावी, कारण पूर्ण झालेले अंतर कळल्यावर पैसे देणारेही असतात. मग प्रत्येकाला एकूण रक्कम कळवावी आणि आभार मानावेत. वर्षभराने संस्थेकडून कामाची माहिती मागवून, प्रगती झाली असो वा नसो, ती जशीच्या तशी त्यांना पाठवावी.