जुनी पेठ सावरताना या चुका टाळा

खानदेशातल्या बहुतेक शहरांच्या मध्यवस्तीत सध्या सारखेच चित्र दिसते. धुळ्यात आग्रा रोडला लागून असलेल्या क्रमांकांच्या गल्ल्या असोत, जळगावचा सराफ बाजार आणि दाणा बाजार असो, किंवा अमळनेर, चोपडा, नंदुरबार येथील जुना मेन रोड असो, खालचे दुकान कसेबसे चालू असते, वरच्या माडीला कुलूप असते आणि तिथे राहणारे कुटुंब केव्हाच शहराबाहेरच्या कॉलनीत गेलेले असते. अशा पेठेसाठी अधूनमधून निधी येतो, नवे पेव्हर ब्लॉक आणि दिवे बसतात, प्रवेशकमान उभी राहते, आणि दोन-तीन वर्षांत सगळे पूर्वपदावर येते. यात कामाचा दर्जा हे एक कारण असतेच, पण त्याहून मोठे कारण असे की पेठेतल्या लोकांना बोलावले जाते ते सर्व काही ठरून गेल्यावर, फलकावरचा नकाशा पाहण्यापुरते.

खानदेशाला लोकांना बोलावून पेठ वसवण्याची परंपरा आहे, हे या संदर्भात आठवायला हवे. 1818 मध्ये इंग्रजी अंमल आल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्याला खानदेशाचे मुख्य ठाणे केले, तेव्हा नवी पेठ आखून व्यापारी आणि कारागीर यांना घरांसाठी जागा देऊन येथे वसवण्यात आले. रस्ते सरळ आखले म्हणून ती पेठ भरली नाही. येणाऱ्या माणसाला तिथे राहण्यात आपले हित दिसले म्हणून भरली. आज तीच पेठ सावरताना हा क्रम उलटा केला जातो.

व्यापारी संघटना म्हणजे संपूर्ण पेठ नव्हे

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक ही आहे. महापालिका किंवा नगरपालिका व्यापारी संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना बोलावते, त्यांची संमती घेते आणि लोकसहभाग झाला असे इतिवृत्तात लिहिते. व्यापारी हा पेठेचा कणा आहे, यात वाद नाही. पण त्याच रस्त्यावर माडीवर राहिलेली दोन-चार म्हातारी माणसे असतात, भाडेकरू असतात, हमाल आणि हातगाडीवाले असतात, दुकानातल्या कामगार मुली असतात, पहाटे झाडणारे सफाई कामगार असतात. यांपैकी कोणी सभागृहात नसतो. पुढे काम अडले की प्रत्येक जण खऱ्याखुऱ्या रागाने एकच वाक्य ऐकवतो, ‘आम्हले कोनी इचारंच नही.’

आणखी एक मोठा घटक कायम सुटतो, तो म्हणजे खेड्यातून येणारे गिऱ्हाईक. लग्नाचा बस्ता फाडायला यावल किंवा धरणगावच्या बाजूने क्रूझर भरून दहा-बारा माणसे जळगावच्या बाजारात येतात, त्यांत निम्म्याहून अधिक बायका असतात. सकाळी दहाला आलेली ही मंडळी कापड, भांडी, सोने असे करत संध्याकाळपर्यंत पेठेत असतात. पारा 44 अंशांवर गेलेल्या वैशाखात त्यांतल्या अनेक जणी दिवसभर पाणी पिण्याचे टाळतात, कारण स्वच्छ आणि आतून कडी लागणारे स्वच्छतागृह जवळपास सापडत नाही. दुकानदार ओळखीचा असेल तर मागच्या बोळातली आपल्या घरची मोरी उघडून देतो, नसेल तर घरी जाण्याची घाई सुरू होते. ही गोष्ट कोणत्याही सुशोभीकरणाच्या आराखड्यात पहिल्या पानावर दिसत नाही, कारण आराखडा करताना या बायकांना कोणी विचारलेले नसते. माझ्या मते पेठेत पहिला रुपया कमानीवर न घालता दोन चांगल्या स्वच्छतागृहांवर आणि ती दिवसभर राखणाऱ्या व्यक्तीच्या पगारावर घालावा. तो गिऱ्हाइकाच्या मुक्कामाचा वेळ वाढवतो, आणि मुक्काम वाढला की विक्री वाढते, हे कोणत्याही कापड दुकानदाराला समजावून सांगावे लागत नाही.

बैठकीची वेळ आणि प्रश्न दोन्ही चुकतात

दुपारी बारा वाजता पालिकेच्या सभागृहात बैठक ठेवली की गल्ला सोडून कोण येणार? दुकानदारांची बैठक रात्री शटर पडल्यावर एखाद्या मंदिराच्या ओट्यावर किंवा धर्मशाळेत घ्यावी. बायकांशी दुपारी तीन-चारच्या सुमारास, घरातली कामे आटोपल्यावर, त्यांच्याच गल्लीत आणि शक्यतो बाईनेच बोलावे. मिश्र सभेत सासऱ्यांसमोर आणि दिरांसमोर सून स्वच्छतागृहाचा विषय काढणार नाही. हमालांना सकाळी माल उतरण्यापूर्वीची वेळ सोयीची असते.

‘तुम्हाला काय काय पाहिजे?’ हा प्रश्न विचारला तर यादी शंभर मागण्यांची होते आणि पुढच्या बैठकीला अपेक्षाभंग तेवढा पदरी पडतो. त्याऐवजी गल्लीचा मोठा नकाशा जमिनीवर अंथरावा आणि हातगाडीचे चाक कुठे अडते, पावसाचे पाणी कुणाच्या उंबऱ्यात शिरते, रात्री कोणत्या कोपऱ्यावर अंधार असतो, एवढेच खडूने दाखवायला सांगावे. त्यानंतर तीच गल्ली पहाटे, भर दुपारी आणि संध्याकाळी सात वाजता सर्वांनी मिळून पायी फिरावी. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी एक ते चार आपला बाजार जवळजवळ झोपलेला असतो, त्यामुळे सावली कुठे हवी हे फक्त त्या वेळी कळते, आणि गर्दीची खरी अडचण फक्त संध्याकाळी दिसते.

जळगावकरांच्या हाताशी तर याहून चांगले साधन आहे. जुन्या जळगावातील श्रीराम मंदिराचा रथोत्सव 1872 पासून कार्तिकी एकादशीला निघतो. रथ येण्यापूर्वी मार्गावरच्या लोंबत्या तारा उचलल्या जातात, पुढे आलेले फलक काढले जातात, खड्डे बुजवले जातात. चाकाखाली मोगरी म्हणजे लाकडी पाचर लावून रथाला वळण देणाऱ्या मंडळींना तर रस्त्याचा प्रत्येक उतार आणि प्रत्येक खळगा ठाऊक असतो. दरवर्षी होणारी ही संपूर्ण मार्गाची पाहणी कागदावर उतरवली, कोणते अडथळे एका दिवसासाठी हटले आणि आठवड्यात परत आले याची नोंद ठेवली, तर कोणत्याही सल्लागार कंपनीच्या अहवालापेक्षा ती अधिक विश्वासार्ह ठरेल. उत्सवापुरती पेठ मोकळी करून समाधान मानणे ही चूक मात्र सर्वत्र होते.

फेरीवाले हटवले की पेठ सुधारेल, हा समज

2014 च्या पथविक्रेता अधिनियमानुसार प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असावी लागते, तिच्यातले किमान 40 टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांपैकी एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही. त्यामुळे पेठेच्या कामात या समितीला वगळले तर प्रकरण न्यायालयात जाण्याचा धोका असतो, आणि गेले की काम वर्षभर तरी रेंगाळते.

कायद्यापलीकडची गोष्ट जुन्या बाजारात सगळ्यांना माहीत असते, पण बैठकीत कोणी बोलत नाही. अनेक ठिकाणी दुकानासमोर बसणारा कटलरीवाला किंवा भाजीवाली त्याच दुकानदाराला रोजचे किंवा महिन्याचे पैसे देत असते. तोच दुकानदार अतिक्रमणाविरुद्धच्या निवेदनावर सही करतो. हा व्यवहार उघड केल्याशिवाय कोणतीही पट्टे-आखणी टिकत नाही. यावर उपाय असा की जागा, मोजमाप आणि वेळ समितीमार्फत लेखी ठरवावी, जागेचे शुल्क थेट पालिकेकडे जावे आणि पावती विक्रेत्याच्या हातात असावी. पावती हातात असलेला विक्रेता स्वतःची हद्द सांभाळतो, असा अनेक शहरांतला अनुभव आहे.

वाहनतळाविषयी थोडक्यात एवढेच सांगतो की ‘गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा नाही’ ही तक्रार आली तर आधी सकाळी साडेदहा वाजता उभ्या असलेल्या दुचाकी मोजाव्यात. त्या वेळी गिऱ्हाईक आलेले नसते. गाड्या मालकांच्या आणि नोकरांच्या असतात. त्या थोड्या लांब लावण्याचे संघटनेने स्वतः ठरवले तर निम्मा प्रश्न खर्चाविना सुटतो. रस्ता पादचाऱ्यांसाठी मोकळा करायचा विचार असेल तर पुण्यात 2021 पासून लक्ष्मी रस्त्यावर 11 डिसेंबरला पादचारी दिन केला जातो, तशी एका दिवसाची चाचणी घ्यावी. दोरी आणि बॅरिकेड लावून चूक कळली तर संध्याकाळी काढता येते, काँक्रीट ओतल्यावर ते शक्य नसते.

दर्शनी भाग रंगवणे आणि छप्पर विसरणे

जुन्या पेठेतील सागवानी खांबांच्या, कोरीव तुळयांच्या माड्या हे आपल्याकडचे खरे वैभव आहे, आणि त्यांच्या बाबतीत होणाऱ्या चुका दुरुस्त होत नाहीत. सर्व इमारतींना एकच रंग देण्याची टूम निघते, पण पाणी गळते ते छपरातून. गळक्या पत्र्याखालची तुळई दोन पावसाळ्यांत कुजते आणि मग बाहेरचा रंग कितीही ताजा असला तरी माडी धोकादायक ठरवून पाडली जाते. मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करणे हीसुद्धा अशीच चूक आहे. आतली ओल बाहेर पडू शकत नाही आणि भिंत आतून भुसभुशीत होते. अशा भिंतीला मातीचा किंवा चुन्याचा गिलावाच योग्य असतो. म्हणून निधी कमी असेल तर तो आधी छप्पर, पन्हाळ आणि जोत्यालगतचा पाण्याचा निचरा यांवर खर्च करावा.

मालक आणि भाडेकरू यांच्यातील तिढा हा यापेक्षा अवघड भाग आहे. जुने भाडे इतके कमी असते की मालकाला दुरुस्ती परवडत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 ने वर्षाला 4 टक्के वाढीची मुभा दिली, पण मूळ रक्कमच नाममात्र असल्याने त्याने फारसे काही साधत नाही. त्यातच मिळकत पत्रिकेवर आजोबांचेच नाव असते आणि वारस सुरत, पुणे, मुंबईला विखुरलेले असतात. इथे पेठेतल्या लोकांच्या समितीने करण्यासारखे खरे काम आहे. ज्येष्ठ आणि दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या एखाद्या अण्णा-आप्पांना मध्ये घालून दुरुस्तीच्या खर्चाची विभागणी ठरवावी, ती स्टॅम्प पेपरवर लिहून घ्यावी आणि दुरुस्ती केल्याने भाडेकरूचा किंवा मालकाचा मूळ हक्क बदलत नाही, हे त्यात स्पष्ट नमूद करावे. या एका वाक्याअभावी अनेक दुरुस्त्या अडून राहतात, कारण दोघांनाही आपला दावा कमकुवत होईल अशी भीती असते.

उद्घाटनानंतर कोण, हे न ठरवणे

झाडाला पाणी कोण घालणार, दिवा गेल्यास कुणाला कळवायचे, स्वच्छतागृहाची किल्ली कुणाकडे राहणार, हे काम सुरू होण्यापूर्वी नावानिशी ठरले पाहिजे. गल्लीतल्या गणेश मंडळाकडे कार्यकर्ते, वर्गणीचा अनुभव आणि रात्री उशिरापर्यंत जागणारी तरुण मुले असतात. त्यांना वगळून नवी समिती उभी करणे हा शक्तीचा अपव्यय आहे. मात्र मंडळाच्या वर्गणीत देखभालीचा पैसा मिसळू देऊ नये. वेगळे बँक खाते, दोन सह्या आणि दर महिन्याला चौकातल्या फळ्यावर लिहिलेला जमाखर्च, एवढी शिस्त पुरते. फळा दोन महिने कोरा राहिला की वर्गणी थांबते, आणि ती पुन्हा सुरू करणे फार कठीण जाते.

पालिकेशी झालेला समझोताही तोंडी राहू नये, कारण आयुक्त बदलतात, मुख्याधिकारी बदलतात, नगरसेवक बदलतात. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत 74 व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या अनिवार्य केल्या आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार जळगावची लोकसंख्या सुमारे 4 लाख 60 हजार आणि धुळ्याची सुमारे 3 लाख 75 हजार असल्याने दोन्ही शहरे त्यात मोडतात. महाराष्ट्राच्या कायद्यात या समित्यांवर बिनसरकारी आणि लोकाधारित संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी घेण्याची तरतूद आहे. पेठेतल्या नोंदणीकृत संस्थेने ती जागा लेखी अर्ज करून मागावी.

वेळापत्रक करताना शेतीचा आणि लग्नांचा हंगाम न पाहणे ही चूकही महागात पडते. दिवाळीच्या आसपास कापसाचा पैसा बाजारात येऊ लागतो, तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, पुढे आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया आणि वैशाखातील लग्ने, आणि मग पावसाळा. या काळात रस्ता उकरला की व्यापारी विरोधात जातो आणि त्याचा राग रास्तच असतो. मोकळा कालखंड उरतो तो धनुर्मासाचा, साधारण 16 डिसेंबर ते 14 जानेवारी, जेव्हा लग्नाचे मुहूर्त नसतात आणि जमीन कोरडी असते. म्हणून गल्लीचे नकाशे, बैठका आणि लेखी करार पावसाळ्यातच उरकावेत, निविदा दसऱ्यापर्यंत पूर्ण व्हावी, मलनिस्सारण आणि पाण्याच्या वाहिन्यांचे खोदकाम एका गल्लीपुरते धनुर्मासात करावे, आणि वरचा थर त्यानंतर एक पावसाळा जमीन बसल्यावर घालावा.