जुन्या लुडविग टॉमला नवीन व्हिनियर कसं लावायचं

साठच्या दशकातला लुडविग कंपनीचा १३ इंची टॉम (ड्रमसेटमधला एक ड्रम) हाती लागलाय आणि त्याचा पर्ल रॅप (ड्रमवर चिकटवलेलं मोत्यासारखं चमकणारं प्लास्टिकचं आवरण) तडकलाय, जोडापाशी उचकटलाय, तर व्हिनियरचा, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याचा, विचार करा. पण रॅप धड असेल तर प्लीज हात लावू नका, ओरिजिनल रॅप गेला की किंमत उतरते ती उतरतेच.

आधी फोटो काढा, मग रिम (वरचं कडं), हेड (वाजवायचा पडदा), लग्ज (रिमचे स्क्रू ज्यात बसतात ते धातूचे भाग) उतरवा आणि कुठला लग कुठे होता ते शेलच्या (ड्रमच्या लाकडी नळकांड्याच्या) आतून पेन्सिलीने लिहून ठेवा. कीस्टोन बॅज (लुडविगचा बिल्ला) ग्रोमेटवर, म्हणजे भोकातल्या धातूच्या कडीवर, अडकलेला असतो, त्याची आतली कड हळूहळू सरळ करून काढायचा. आत तारखेचा शिक्का दिसला तर तिथे सँडपेपर फिरवायचा नाही, तो ड्रमचा जन्मदाखला आहे.

रॅप हेअर ड्रायरने कोमट करत, खाली पातळ पट्टी सरकवत सोडवा. हीट गन नको, त्या काळातले बरेच रॅप नायट्रोसेल्युलोजचे, भसकन पेटतात. आणि जोरात ओढलं तर शेलचा वरचा प्लाय, म्हणजे लाकडाचा थरच सोलून येतो. खड्डे वूड फिलरने भरून ठोकळ्यावर १२० नंबरचा पेपर लावून शेल सपाट करा.

आता मेन गोष्ट, जाडी. जुना रॅप साधारण अर्धा मिलिमीटर, कच्चं व्हिनियर ०.५ ते ०.६, म्हणजे हिशेब जवळपास जुळतो, पण दुकानदार ४ एमएमचा व्हिनियर प्लाय दाखवेल तो अजिबात नको, कारण व्यास जाडीच्या दुप्पट वाढतो आणि मग हेड बसतच नाही. म्हणून गोंदाआधी व्हिनियर नुसतं टेपने गुंडाळून हेड घालून बघा, ते सहज खाली बसलं पाहिजे आणि बोटाने फिरलं पाहिजे. घेर साधारण १०४ सेंमी येतो, तुकडा १०८ चा कापा, उंचीलाही ३ सेंमी जास्त. ग्रेन (लाकडाच्या रेषा) आडवा ठेवला तर आठ फुटी शीटमधून अखंड तुकडा निघतो.

कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह मला कच्च्या व्हिनियरखाली आवडत नाही, वरून थिनरवालं पॉलिश मारलं की आत झिरपून फुगे येऊ शकतात. साधा पांढरा फेव्हिकॉल दोन्ही बाजूंना पातळ लावा, पारदर्शक होईपर्यंत सुकू द्या (व्हिनियर वळायला लागलं तर वरच्या बाजूला पाण्याचा हलका फवारा), मग मध्ये ब्राऊन पेपर ठेवून मध्यम गरम, वाफ बंद केलेल्या इस्त्रीने एका टोकापासून दाबत जा आणि मागोमाग लाकडी ठोकळ्याने घासा. जोड लग्जच्या रेषेवर आणा म्हणजे झाकला जातो. टोकं एकमेकांवर चढवून सोडायची, इस्त्रीने व्हिनियर आकसतं, सगळं गार झाल्यावरच पट्टी धरून नव्या ब्लेडने दोन्ही थर एकदम कापा, खालचा कचरा काढा आणि जोड पुन्हा गरम करून दाबा.

कडा ब्लेडने कापून सँडपेपर बाहेरून आत एकाच दिशेने मारा, उलटा ओढला तर व्हिनियर उचकटतं, आणि मूळ बेअरिंग एज (हेड जिच्यावर टेकतं ती शेलची कड) घासली जाऊ देऊ नका. भोकांसाठी आतून टाचणीने खूण करा, ड्रिल मात्र बाहेरून, नाहीतर चिरफाळ्या उडतात.

मग ३२० ने हलकंच, पॉलियुरेथेनचे तीन-चार पातळ हात, आणि लग्ज लावायच्या आधी आठवडाभर थांबा, कच्च्या पॉलिशमध्ये लगची कड रुतून बसते.