बेरोजगारी भत्त्याचा अर्ज करताना आपली ओळख चोरापासून कशी वाचवावी

मागच्या वर्षी चाकणच्या एका कारखान्यानं माझ्या मावसभावाला ब्रेक दिला. आठवडाभरात फोन आला, "ईएसआय ऑफिसातून बोलतोय, तुमचा भत्ता अडकलाय. आलेला ओटीपी सांगा." घरात पैशांची चणचण होती, त्यामुळे तो आकडे वाचायलाही लागला होता. मी शेजारी होतो म्हणून फोन हिसकावून घेतला.

ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विम्यात, नाव असलेल्या पात्र कामगारांसाठी १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. तिच्यात नोकरी गेल्यावर भत्ता म्हणून रोजच्या सरासरी मजुरीच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते, तीही आयुष्यात एकदाच. त्यामुळे अर्जाइतकीच कागदांचीही काळजी घ्यायला हवी.

पहिलं काम मोबाईल नंबरचं. आधार, बँक आणि पीएफला कंपनीचं सिम जोडलेलं असेल, तर ते परत करण्याआधी स्वतःचा नंबर लावून घ्या. आधारचा नंबर बदलायला आधार केंद्रात जाता येतं. हे राहून गेलं, तर तुमचे ओटीपी उद्या दुसऱ्याच्या हातात पडतील.

मग आधारचं सरकारी ॲप उघडून बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे, डोळे आणि चेहऱ्याची ओळख, लॉक करा. आधार आणि बोटाच्या ठशावर खात्यातून पैसे काढता येतात, ती वाट यानं बंद होते. कुठं ठसा किंवा चेहरा द्यायची वेळ आली, तर तेवढ्यापुरतं उघडता येतं.

सगळ्यात जास्त जपायचं ते झेरॉक्सच्या दुकानात, आणि तिथंच आपण सगळ्यात बेफिकीर असतो. आधारची पीडीएफ दुकानदाराच्या नंबरवर पाठवायची, प्रिंट घ्यायची, दहा रुपये द्यायचे आणि निघायचं. फाईल मात्र त्याच्याकडेच राहते. तिचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल, तो ओळखणं काय अवघड? शक्यतो मूळ कार्ड नेऊन समोर झेरॉक्स काढा. फाईल द्यावीच लागली, तर त्याच्या कॉम्प्युटरमधून आपल्यासमोर पुसायला लावा. संकोच करू नका. बिघडलेली प्रत तिथल्या टोपलीत टाकू नका, घरी आणून फाडा. चांगल्या प्रतीवर "फक्त ईएसआय भत्त्यासाठी" असं लिहून तारीख आणि सही करा. चालत असेल तिथं शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या.

अर्ज ईएसआयच्या सरकारी संकेतस्थळावरूनच भरा. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकला हात लावू नका. अडलं तर पुण्यात बिबवेवाडीला ईएसआयचं कार्यालय आहे, किंवा जवळच्या शाखेत जा. "कमिशनवर काम करून देतो" म्हणणाऱ्या एजंटला पासबुक, पॅन आणि मोबाईल एकत्र कधीच देऊ नका. हिंजवडीत नोकरी लावतो म्हणून आधी आधार-पॅन मागणाऱ्यांनाही हेच लागू.

अर्ज झाला की आधार कुठं कुठं वापरलं गेलं ते ॲपमध्ये बघत राहा. सिबिलसारख्या, कर्जांची नोंद ठेवणाऱ्या संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, त्यात तुमच्या नावावर भलतंच कर्ज नाही ना, ते तपासा.

आणि पैसे गेलेच, तर लाजून घरात बसू नका. ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन लावा, बँकेला खातं थांबवायला सांगा आणि तक्रारीचा क्रमांक घेऊन ईएसआय शाखेत जा. तुमच्या अर्जातला खाते क्रमांक कुणी बदललाय का, हे तिथंच कळेल.