यादी लांब आहे, पण त्यातला तुमचा पेपर कुठला?

पेपर म्हणजे काय, सायटेशन म्हणजे काय हे सांगत बसत नाही. पीएचडीच्या पहिल्याच महिन्यात ते कानावर पडतं, कारण लॅबमधले सीनियर दुसरं फारसं बोलतच नाहीत. मला बोलायचंय ते लेखकांच्या यादीतल्या जागेबद्दल. ती अजूनही मला टोचते.

सेल बायॉलॉजीत पहिलं नाव असतं ते प्रयोग करणाऱ्याचं, आणि बहुतेकदा मसुदाही त्यानेच लिहिलेला असतो. शेवटचं नाव ज्यांची लॅब त्यांचं. मधली नावं वाचतात, धरत कोणी नाही.

मला कॉन्फोकल, म्हणजे लेझरवर चालणारा मायक्रोस्कोप, चांगला जमायचा. जिवंत पेशींचं इमेजिंग, रात्रभराचे टाइम-लॅप्स, मग इमेज-जे या सॉफ्टवेअरमध्ये बसून चित्रांतली मोजमापं. कुणाची फिगर अडली की तो माझ्याकडे. "तुझं नाव पेपरमध्ये नक्की," असं म्हणायचे, आणि नाव खरंच यायचं. चौथं, सहावं, कधी त्याच्याही मागे. गूगल स्कॉलरवरचा सायटेशनचा आकडा, म्हणजे इतरांनी माझ्या पेपरांचा किती वेळा संदर्भ दिला तो, वाढत होता, एच-इंडेक्स वाढत होता, आणि माझा स्वतःचा प्रकल्प वेस्टर्न ब्लॉटच्या, म्हणजे प्रथिनं ओळखण्याच्या चाचणीच्या, रिपीटवर अडकून पडला होता. पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेच्या, मुलाखतीत विचारलं, "यातला तुमचा स्वतःचा प्रश्न कोणता?" प्रश्न होता हो माझ्याकडे. पेपर नव्हता.

इथे एच-इंडेक्स कसा गुंगवतो ते नीट बघा. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो २००५ मध्ये सुचवला. प्रत्येकी किमान १० सायटेशन असलेले १० पेपर असतील तर एच १०. बस, एवढंच. पेपरवर तीन लेखक आहेत की तीस, तुम्ही पहिले आहात की अकरावे, हे त्या हिशोबात येतच नाही. वर्षानुवर्षं प्रश्नाशी झुंजलेल्याला आणि दोन दुपारी स्लाइड बघून दिलेल्याला सायटेशन सारखंच. शिवाय हा आकडा सहसा खाली येत नाही. तुम्ही काहीही केलं नाहीत तरी जुन्या पेपरांवर तो वर सरकत राहतो, म्हणून आपली प्रगती चालू आहे असं वाटतं. निवड समितीला असं वाटत नाही. ते यादी उघडतात, तुमचं नाव पहिलं कुठे आहे तेवढं शोधतात आणि पुढचा अर्ज घेतात.

याचा अर्थ कुणाला मदत करू नका असा नाही. कोलॅबोरेशनशिवाय हे क्षेत्र चालतच नाही. पण पहिली स्लाइड मायक्रोस्कोपखाली जाण्याआधी विचारा: माझं नाव कुठे असेल? ईमेलवर विचारा, तोंडी नको. "ते नंतर बघू" म्हणणारे मार्गदर्शक वाईट असतात असं नाही, पण नंतर ते बघत नाहीत. पेपर पाठवताना लेखकांच्या योगदानाची नोंदही वाचा. बरीच जर्नल्स आता 'क्रेडिट' पद्धतीच्या १४ भूमिकांमधून ती भरून घेतात. तुम्ही विश्लेषणाची पद्धत बसवली असेल आणि नावापुढे फक्त 'इन्व्हेस्टिगेशन' (म्हणजे नुसते प्रयोग केले) लिहिलं असेल, तर तिथल्या तिथे बोला.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. तू माझं नाव घाल, मी तुझं घालतो, हा धंदा करू नका. जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी २००२ पासून चित्रांतली फेरफार तपासतं, आणि आता ती तपासणी इतरही अनेक ठिकाणी होते. पेपर रिट्रॅक्ट झाला, म्हणजे जर्नलने मागे घेतला, की मधल्या नावालाही डाग लागतो, श्रेय मिळालेलं नसलं तरी. हातात डेटा नसताना केवळ सायटेशनसाठी लिहिलेले रिव्ह्यू, म्हणजे इतरांच्या कामाचा आढावा घेणारे लेख, तेही मला आवडत नाहीत. यावर माझ्याशी भांडायचं असेल तर भांडा.

आता जरा धीराचं. जर्नलच्या नावाने खचू नका. जपानी पेशीशास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांचा यीस्टमधल्या ऑटोफॅजीच्या (पेशी स्वतःचेच भाग पचवते त्या प्रक्रियेच्या) म्युटंट्सचा १९९३ चा पेपर फेब्स लेटर्समध्ये आला होता, ज्याला 'मोठं' जर्नल कुणी म्हणणार नाही. २०१६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. इम्पॅक्ट फॅक्टरवरून (जर्नलमधल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात त्या आकड्यावरून) माणसाचं काम जोखू नका असं सांगणारा 'डोरा' जाहीरनामाही सेल बायॉलॉजीवाल्यांच्याच सभेतून निघाला, सॅन फ्रान्सिस्कोत, डिसेंबर २०१२ मध्ये. समित्यांची नजर अजून जर्नलच्या नावाकडे जाते, नाही असं नाही. पण पहिल्या नावाचा साधा, स्वच्छ पेपर मधल्या नावाच्या चकचकीत पेपरपेक्षा जास्त कामाला येतो, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

आणि माझ्यासारखे इमेजिंगवाले असाल तर तुमची पद्धतच पेपर म्हणून लिहा. प्रथिनं मोजण्याच्या रीतीवरचा लाउरींचा १९५१ चा पेपर तीन लाखांहून जास्त वेळा उद्धृत झालाय. पद्धतीला वाचक असतात. तुमची सेगमेंटेशनची (चित्रातली प्रत्येक पेशी वेगळी ओळखण्याची) स्क्रिप्ट शेजारच्या दोन लॅब वापरत असतील तर ती नियंत्रण-प्रयोगांसकट मांडा, बायोआर्काइव्ह या प्रीप्रिंट (जर्नलआधीच्या मसुद्यांच्या) साइटवर टाका, ऑर्किडला, म्हणजे संशोधकाच्या कायमच्या ओळख-क्रमांकाला, जोडा. पहिलं नाव तुमचं. आणि हे पुढच्या कुणाची फिगर हातात घेण्याआधी करा.