परिसेविकेच्या पदोन्नतीत नाव सुटले? आधी कागद शोधा, मग अर्ज लिहा

परिसेविका (वॉर्डाची प्रमुख परिचारिका) पदाच्या पदोन्नतीचा आदेश निघतो, त्याची पीडीएफ वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते, आणि आपल्यामागून लागलेल्या तिघींची नावे त्यात दिसतात; आपले नाही. बहुतेकजणी त्याच दुपारी ‘माझ्यावर अन्याय झाला आहे, तरी विचार व्हावा’ असा अर्ज मेट्रनच्या टेबलावर ठेवून मोकळ्या होतात. कार्यालयाला उत्तर द्यावे लागेल असे त्या अर्जात काहीच नसते, म्हणून तो फायलीत पडून राहतो. सरकारी खात्यात नाव सुटते ते बहुधा एखाद्या कागदामुळे. तो कागद सापडला की निम्मे काम झाले.

पुढची माहिती महाराष्ट्र शासनाच्या रुग्णालयांतील अधिपरिचारिकांसाठी (स्टाफ नर्स) आहे. महापालिका, जिल्हा परिषद आणि खासगी रुग्णालयांचा रस्ता वेगळा; त्याबद्दल शेवटी थोडे.

१. आदेशाची पूर्ण प्रत मिळवा. मोबाईलवरचा अर्धवट फोटो चालणार नाही. आदेशाचा क्रमांक, दिनांक आणि तो तुम्हाला कळला तो दिवस वहीत लिहून ठेवा. पुढे मुदती मोजताना या तारखा लागतील.

२. अंतिम ज्येष्ठता यादीत आपला क्रमांक पाहा. ही यादी १ जानेवारीच्या स्थितीनुसार निघते: आधी तात्पुरती, त्यावर हरकती, मग अंतिम. आदेशातल्या सर्वांत कनिष्ठ परिचारिकेचा क्रमांक आणि तुमचा क्रमांक शेजारी शेजारी मांडा. तुमचा क्रमांक खाली असेल तर भांडण पदोन्नतीचे नाही, ज्येष्ठतेचे आहे, आणि अर्जाचा विषयही तोच हवा.

क्रमांक खाली जाण्याची नेहमीची कारणे अशी. ‘मी आधी रुजू झाले’ हा मुद्दा सरळसेवेत (थेट भरतीत) सहसा टिकत नाही, कारण एकाच निवड यादीतल्या उमेदवारांची ज्येष्ठता गुणवत्ताक्रमाने लागते. बंधपत्रित सेवा (शिक्षणानंतर बाँडवर केलेली नोकरी) झाली असेल तर ती नियमित केल्याचा आदेश काढून बघा. ज्येष्ठता त्या आदेशातल्या तारखेपासून धरली जाते, आणि सेवापुस्तकात नेमकी तीच नोंद राहून गेलेली असते. विनंतीवरून दुसऱ्या मंडळात (उपसंचालकांच्या विभागात) बदली घेतली असेल, तर नव्या मंडळात शेवटचा क्रमांक मिळतो. हे बदलीच्या वेळी लेखी मान्य करून दिलेले असते, आणि दहा वर्षांनी आठवत नाही. चौथे कारण साधे आहे: तात्पुरती यादी सूचना फलकावर लागली तेव्हा तुम्ही प्रसूती रजेवर होता आणि हरकतीची मुदत निघून गेली.

बी.एस्सी. किंवा एम.एस्सी. नर्सिंग केले म्हणून ज्येष्ठतेत वर जाता येत नाही, हेही इथेच सांगून टाकतो.

३. क्रमांक वर असूनही नाव नसेल, तर पात्रतेचे कागद तपासा. विभागीय पदोन्नती समितीपुढे जाणाऱ्या तक्त्यात तुमच्या नावासमोर एखादा रकाना रिकामा राहिला असण्याची शक्यता मोठी. बघायच्या गोष्टी: मागच्या वर्षांचे गोपनीय अहवाल (वरिष्ठांनी दरवर्षी कामाबद्दल लिहायचे शेरे) सगळे आहेत का, मत्ता व दायित्वाचे विवरणपत्र (३१ मार्चच्या स्थितीचे, ३१ मेपर्यंत द्यायचे) दिले होते का, स्थायित्वाचा (सेवेत कायम केल्याचा) आदेश, भाषा परीक्षा किंवा तिच्यातून सूट, आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी. ही नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते.

सगळ्यात जास्त घोळ गोपनीय अहवालांचा. वर्षात दोन वॉर्ड बदलले, अहवाल लिहिणाऱ्या प्रतिवेदन अधिकारी निवृत्त झाल्या, आणि एका वर्षाचा अहवाल लिहिलाच गेला नाही. किंवा लिहिला, पण शेरा तुम्हाला कळवला नाही. इथे सर्वोच्च न्यायालयाचा देव दत्त विरुद्ध भारत सरकार (२००८) हा निकाल उपयोगी पडतो. त्यात एका अभियंत्याला एका वर्षी ‘चांगला’ शेरा होता आणि पदोन्नतीला ‘खूप चांगला’ लागत होता. शेरा वाईट नसला तरी तो कळवायलाच हवा, असे न्यायालयाने ठरवले.

विभागीय चौकशीच्या नावाखाली नाव मागे ठेवले असेल, तर दोषारोपपत्र खरोखर बजावले होते का ते विचारा. नुसती तक्रार किंवा प्राथमिक चौकशी म्हणजे दोषारोपपत्र नव्हे. जानकीरामन प्रकरणात (१९९१) मोहोरबंद पाकिटाबाबत (चौकशी संपेपर्यंत समितीचा निर्णय बंद पाकिटात ठेवण्याबाबत) हाच निकष घालून दिला आहे.

४. माहिती अधिकारात कागद मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत बसणारा हवा. ‘मला का डावलले?’ असे विचारू नका. ‘का’चे उत्तर अभिलेखात नसते, त्यामुळे अर्ज निकाली निघतो. मागणी अशी करा: समितीच्या बैठकीचे इतिवृत्त, विचारक्षेत्रातील (पदोन्नतीसाठी ज्यांचा विचार झाला त्या) कर्मचाऱ्यांची यादी, अंतिम ज्येष्ठता यादी, आणि माझ्या स्वतःच्या गोपनीय अहवालांच्या प्रती. दुसऱ्यांचे अहवाल मागितले तर वैयक्तिक माहिती म्हणून नकार येतो आणि महिना वाया जातो.

५. आता निवेदन. एक पान पुरते. मजकूर असा:

‘दि. … च्या अंतिम ज्येष्ठता यादीत माझा क्रमांक … आहे. आदेश क्र. … अन्वये क्रमांक … वरील कनिष्ठ कर्मचाऱ्यास परिसेविका पदी पदोन्नती देण्यात आली. माझा सन … चा गोपनीय अहवाल उपलब्ध नसल्याने माझा विचार झाला नाही, असे इतिवृत्तावरून दिसते. अहवाल लिहिणे ही माझी जबाबदारी नव्हती. सबब, पुनर्विलोकन बैठकीत माझा विचार करून कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या पदोन्नतीचा मानीव दिनांक मंजूर व्हावा.’

मानीव दिनांक, म्हणजे पदोन्नती ज्या तारखेपासून मिळाली असे मानायचे ती तारीख, मागायला विसरू नका. नाहीतर पुढे पदोन्नती मिळेल, पण ज्येष्ठता गेलेलीच राहील. निवेदन योग्य मार्गाने, म्हणजे आपल्या वरिष्ठांमार्फत, द्या आणि आगाऊ प्रत उपसंचालक कार्यालयाला पाठवा. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. ‘ठेवून जा सिस्टर, मी करतो’ यावर विसंबून अनेकींची वर्षे गेली आहेत.

६. उत्तर नकारार्थी आले, तर त्या दिवसापासून एक वर्षाच्या आत महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे खंडपीठे आहेत. उत्तरच आले नाही, तर सहा महिने थांबायचे आणि तिथून पुढे एक वर्ष मोजायचे. दर तीन महिन्यांनी स्मरणपत्र दिले म्हणून ही मुदत वाढत नाही. सर्वाधिक प्रकरणे इथेच बुडतात. ज्या कनिष्ठ सहकाऱ्यांच्या पदोन्नतीवर परिणाम होईल त्यांनाही प्रतिवादी करावे लागते. रोज एकाच नर्सिंग स्टेशनवर ड्यूटीचा ओव्हर देणाऱ्या मैत्रिणीला नोटीस पाठवणे अवघड वाटते, पण तिला वगळले तर तेवढ्यावरून अर्ज फेटाळला जाऊ शकतो. हे तिला आधी सांगून ठेवावे.

महापालिका रुग्णालयातल्या परिचारिकांना हे न्यायाधिकरण नाही. तिथे औद्योगिक न्यायालयात पक्षपाताची तक्रार हा एक मार्ग असतो आणि त्याची मुदत फक्त ९० दिवस आहे. खासगी रुग्णालयातल्यांनीही वकिलाला पहिल्याच महिन्यात भेटावे. जिल्हा परिषदेचे नियम स्वतंत्र आहेत.

मधल्या काळात वॉर्डाचा चार्ज तुमच्याकडेच असतो असेही होते: ड्यूटी लिस्ट तुम्ही लावता, इंडेंटवर (सामानाच्या मागणीपत्रावर) सही तुमची, जडवस्तू नोंदवही (डेड स्टॉक रजिस्टर) तुमच्या नावावर, पद मात्र अधिपरिचारिकेचे. कार्यभाराचा लेखी आदेश मागा. तोंडी चार्जचा पुढे काहीही उपयोग होत नाही, आणि मोजणीत एखादे मॉनिटर कमी आले तर वसुली मात्र सहीवरून होते.

आणि आदेशात नाव आले, पण नेमणूक दोनशे किलोमीटरवर दिली, तर रागाच्या भरात नकार लिहून देऊ नका. १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या आश्वासित प्रगती योजनेच्या लाभावर त्या नकाराचा परिणाम होतो. आधी आस्थापना शाखेत जाऊन आपला पुढचा लाभ कधी आहे ते बघा, मुलांच्या शाळेचे किंवा आजारपणाचे कागद जोडून पदस्थापना बदलण्याची विनंती करा, आणि तिचाही आवक क्रमांक घ्या.